गावची कुत्री, गावची जबाबदारी

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत पाणीपुरवठा, घरकुल आणि करवसुली या भारदस्त विषयांच्या रांगेत कुत्र्यांचा विषय छापलेला पाहून काही मंडळींना हसू आले, असे माझ्या कानावर आले आहे. हसण्यात गैर काही नाही. परंतु गेल्या वर्षभरात ज्यांच्या गावात कोणालाही कुत्रे चावले नाही अशांनी हात वर करावेत, असे मी म्हटले तर या सभागृहात फारच थोडे हात वर होतील. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात रस्त्यावर राहणाऱ्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख होती; त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात होती. तेव्हा विषय लहान नाही.

आपल्या लोकजीवनात कुत्र्याचे स्थान मोठे विलक्षण आहे. श्रीदत्तांच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा कीर्तनात ऐकताना आपले डोळे पाणावतात. आणि घरी परतताना दारात बसलेल्या कुत्रीला आपणच दगड मारतो. श्रद्धा आणि व्यवहार यांतील हे अंतर केवळ कथा सांगून कमी होणार नाही. त्यासाठी गावाला काही काम उचलावे लागेल. ते काम कोणते, याविषयी मी आज बोलणार आहे.

एका गावच्या ग्रामसभेला प्रसिद्धीच्या कामानिमित्त मी उपस्थित होतो. गावाचे नाव सांगत नाही. आदल्या आठवड्यात शाळेतून घरी येणाऱ्या एका लहान मुलीच्या पोटरीला कुत्र्याने चावा घेतला होता. घरच्यांनी जखमेत हळद आणि तिखट भरले, वर कापड बांधले आणि दोन दिवसांनी तिला आरोग्य केंद्रात नेले. सभेत लोक संतापले होते आणि तो संताप खोटा नव्हता. एका सदस्याने सुचविले की, पिठाच्या गोळ्यांतून औषध घालावे आणि प्रश्न एका रात्रीत मिटवावा. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तेव्हा बचत गटाच्या एक बाई उठल्या. त्यांनी शांतपणे विचारले, “दादा, मागं असंच औषध घातलं होतं ना? मग ही कुत्री कुठनं आली?”

या प्रश्नाचे उत्तर सभेत कोणालाही देता आले नाही. ते आपण समजून घेतले पाहिजे. गावात जितके खाद्य उघड्यावर पडलेले असते, साधारण तितकी कुत्री गावात टिकतात. हॉटेलामागचा उकिरडा, खाटकाच्या दुकानाजवळचे टाकाऊ मांस, लग्नसराईतील पत्रावळी हे सारे जागच्या जागी ठेवून कुत्री तेवढी मारली, की मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या शिवारातील नवी कुत्री येतात. ती अनोळखी असतात, त्यांना लस टोचलेली नसते, आणि हद्द ठरेपर्यंत ती आपसांत भांडतात. म्हणजे जे संकट टाळायचे तेच वाढते. शिवाय विषप्रयोग हा कायद्याने गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली तो दंडनीय आहेच; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्यास ठार मारण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पिठाची गोळी शेळी खाईल की रांगते मूल उचलील, हे टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही, ते वेगळेच.

त्या ग्रामसभेत अखेर असे ठरले की, आधी आळीवार यादी करावी. बचत गटाच्या महिला आणि वरच्या वर्गातील मुले यांनी ती चार दिवसांत केली. यादी झाली तेव्हा एक गोष्ट उघड झाली. ज्यांना आपण मोकाट म्हणतो त्यांतील बहुतेक कुत्री कोणाच्या तरी ओळखीची होती. एकाला दूधवाले भाकरी घालत, एक चावडीपाशी झोपे, एक माळीआळीत जन्मले होते. अनोळखी अशी थोडीच निघाली. ज्या कुत्र्याला नाव आहे ते लस टोचण्यासाठी पकडता येते, हा या यादीचा मोठा लाभ.

आता रेबीजविषयी. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु वेळेवर उपचार केल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, त्यास आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. तरीही आपल्याकडे जखमेत चुना आणि तिखट भरले जाते. शिक्षक मित्रहो, वर्गात सांगण्याजोगी गोष्ट एवढीच आहे : चावा असो की नुसता ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यात काहीही भरू नये, ती घट्ट बांधू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या धास्तीने आजही काही लोक दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीसच बंद झाली. आताची लस दंडात, ठरलेल्या दिवशी मोजक्या वेळा टोचतात. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, हे पालकांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. मधली एखादी मात्रा चुकवून ‘बरे वाटते’ म्हणून घरी बसू नये.

माणसांना लस देणे हा झाला उपचार. रोगाचा झरा बंद होतो तो कुत्र्यांना लस दिल्याने. दहांपैकी निदान सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर त्यांच्यामधील रोगाची साखळी तुटते, असे जगभरचा अनुभव सांगतो. फार दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या गोव्यात शासन, पशुवैद्यक आणि स्वयंसेवक यांनी ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या सहकार्याने गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी कुत्री धरून, लस टोचून आणि अंगावर रंगाची खूण करून सोडून देण्याचे काम चिकाटीने केले. त्याबरोबरच शाळाशाळांतून मुलांना धडे दिले. २०१८ व २०१९ या वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. आपला तालुका गोव्याहून पुष्कळ लहान आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. कुत्रे ज्या जागेतून धरले त्याच जागी ते परत सोडावे, असा त्यातील नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद करून हीच पद्धत मान्य केली आणि खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवारागृहात ठेवावीत आणि पुन्हा तेथेच सोडू नयेत, असा आदेश झाला. शाळेचे कुंपण आणि फाटक हा म्हणूनच आता केवळ बांधकामाचा विषय राहिलेला नाही.

निवारागृह म्हटले की एक अडचण येते. कुत्र्यांच्या प्रश्नावर मुंबईत लोक १८३२ मध्येच रस्त्यावर आले होते. कंपनी सरकारच्या पोलिसांनी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने तिला विरोध केला, इतर समाजांचे लोक त्यात सामील झाले आणि बाजार बंद राहिला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ स्थापन केला. आंदोलनामागोमाग संस्था उभी राहावी, हे मला त्यातील विशेष वाटते. आपल्याकडे बहुधा निवेदन देऊन फोटो काढला की आंदोलन संपते. परंतु पांजरापोळ असो वा आजचे निवारागृह, जागा नेहमीच अपुरी पडते. एका खोलीत वीस पिल्ले कोंडली की एकाला झालेला पार्व्होचा आजार साऱ्यांना होतो. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात.

यावर उपाय म्हणजे तात्पुरता सांभाळ. शहरांतून पुष्कळ कुटुंबे हे काम करतात. पिल्लू दत्तक घ्यायचे नाही. कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे ते आपल्या घरी ठेवायचे. खेड्यात तर हे अधिक सोपे, कारण अंगण आहे आणि घरात माणूस असते. आई जिवंत असेल तर पिल्ले निदान आठ आठवडे तिच्यापासून तोडू नयेत, त्यांच्याबरोबर आईलाही आसरा द्यावा. आई नसेल तर काम कष्टाचे आहे. अगदी लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा. नुसत्या गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात, म्हणून पशुवैद्यकास विचारून योग्य दूध द्यावे. थंडीत पोते आणि जुने लुगडे अंथरून ऊब ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांनी पहिली लस आणि जंतांचे औषध, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. घरच्या कुत्र्यापासून पहिले काही दिवस वेगळे ठेवावे. आणि आपल्या शक्तीबाहेर संख्या वाढवू नये. दोन पिल्ले नीट सांभाळणारे घर हे बारा पिल्ले कोंडणाऱ्या घरापेक्षा अधिक उपयोगाचे. औषधपाण्याचा खर्च कोण करणार, हे आधीच बोलून घ्यावे. बचत गट, तरुण मंडळ किंवा गावातील एखादा दुकानदार यांनी तो उचलल्याची उदाहरणे आहेत.

एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. पिल्ले वाटताना सारे जण नर मागतात. मादी पिल्ले पिशवीत घालून वेशीबाहेर किंवा बाजारतळावर सोडली जातात, आणि वर्षभरात तीच पिल्ले देऊ लागतात. ज्या गावाने मादी नाकारली त्याच गावाला तिची पिल्ले मोजावी लागतात. म्हणून तात्पुरता सांभाळ करणाऱ्याने मादी पिल्लाला घर शोधताना नसबंदीचे वचन घ्यावे, आणि शक्य तर ती स्वतः करवून मगच ती सोपवावी. घेणाऱ्याचा नकार त्यामुळे बराच कमी होतो.

वेळेचे गणित आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. कुत्री भाद्रपदात माजावर येतात हे खेड्यातील प्रत्येकाला माहीत आहे. गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, थंडीच्या तोंडावर, पिल्लांची रांग लागते. तेव्हा नसबंदीचे शिबिर पौषात भरवून उपयोग नाही. ते वैशाख-ज्येष्ठात उरकले पाहिजे. त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेशी बोलणे, पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरविणे आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तरतूद करणे ही कामे माघ-फाल्गुनातच सुरू व्हावीत. एका गावाला ही व्यवस्था झेपत नसेल तर चार-पाच गावांनी मिळून ती करावी. सांभाळाला तयार असलेल्या घरांची यादी मात्र दिवाळीपूर्वी तयार हवी.

आळीवार नोंदीच्या तक्त्याचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना प्रत्येक ग्रामपंचायतीने एक न्यावा. त्यात नर आणि मादी यांचे रकाने वेगळे आहेत, लस दिल्याची तारीख लिहायला जागा आहे आणि शेवटचा रकाना त्या कुत्र्याला भाकरी घालणाऱ्याच्या नावाचा आहे. तो रकाना कृपया रिकामा सोडू नये.