मथळा कोणाचा, शिक्षा कोणाला



पेठ तालुक्यातल्या बातमीदारांच्या या संमेलनाचा मी अध्यक्ष आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्यांच्या स्मृतीला वंदन करतो. अध्यक्षाने वर्षभराच्या पत्रकारितेचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. अधिस्वीकृती, मानधन, विमा हे प्रश्न सकाळच्या सत्रात सविस्तर येऊन गेले आणि तिथल्या प्रत्येक मागणीला माझा पाठिंबा आहे. पण आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती अनेक वर्षं मनात साठली आहे आणि पेठसारखी योग्य जागा तिच्यासाठी दुसरी मिळणार नाही.

पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाचं मूळ ठिकाण गुन्ह्याच्या मथळ्यात टाकायचं आणि खालच्या बातमीत त्याला आधार नसायचा, हा प्रकार आपल्या धंद्यात राजरोस चालतो. मी त्याला चूक म्हणत नाही, अन्याय म्हणतो.

पेठमध्ये हे बोलतो आहे त्याला कारण आहे. भात-नागली घरात आली की या तालुक्यातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, वापी-सिल्वासाला जातात. ऑक्टोबर छाटणी, पेस्ट लावणं, विरळणी, डिपिंग, शेवटी खुडणी, सगळं याच हातांनी होतं. आणि तिथे हीच माणसं ‘बाहेरची’ ठरतात.

एका हंगामातली गोष्ट सांगतो. दिंडोरीकडच्या बागांतून ठिबकच्या नळ्या आणि मोटारीची केबल चोरीला जात होती. पोलिसांनी चौघांना ताब्यात घेतलं. आमच्या वार्ताहराची बातमी नीट होती : चौघे संशयित, चौकशी सुरू, तिघे त्याच परिसरातले, चौथा पिकअपचा चालक, तो पेठ तालुक्यातला. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं : ‘पेठ-सुरगाण्याची टोळी जेरबंद’. सुरगाण्याचा तर त्यात एकही माणूस नव्हता.

त्या सकाळी मी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात होतो. ज्यांनी तो बाजार पाहिला आहे त्यांना सांगायला नको. उजाडायच्या आत शेकडो बायाबापड्या डबे-पिशव्या घेऊन उभ्या असतात, बागाईतदार गाड्या घेऊन येतात, रोज ठरतो, गाडी भरते. त्या दिवशी रोजाच्या आधी गाव विचारलं जात होतं. पेठ म्हटलं की गाडी पुढे सरकायची. ऊन वर आलं तरी एक बाई तान्ह्या पोराला घेऊन तिथेच बसून होती. चहाच्या टपरीवर पडलेला पेपर दाखवून तिने मला विचारलं, यात आमच्या तालुक्याचं नाव कुणी घातलं? तो पिकअपवाला पुढे साक्षीदार ठरला. ती बातमी कुणीच छापली नाही. मी दिली होती, जागा नाही म्हणून ती राहिली.

सकाळच्या चर्चेत एका तरुण मित्राने विचारलं, आरोपी कुठला आहे हे सत्य आहे, मग ते का लपवायचं? प्रश्न प्रामाणिक आहे. त्या ठिबकचोरीच्याच महिन्यात एका पतसंस्थेत मोठा अपहार उघडकीला आला. ठेवीदार रस्त्यावर आले. संचालक कोणत्या गावचे, कोणत्या जिल्ह्याचे, हे सगळं आमच्या बातमीत होतं. मथळा काय लागला? ‘पतसंस्थेत कोट्यवधींचा अपहार’. त्यांच्या गावाची टोळी झाली नाही. मथळ्यात गाव फक्त गरिबाचं येतं, परक्याचं येतं. मित्रा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे.

दुसरा युक्तिवाद जुना आहे : मथळा डेस्क लावतं, बातमीदार काय करणार? मी अनेक वर्षं डेस्कवर रात्रपाळी केली, त्यामुळे मथळा कसा लागतो हे मला ठाऊक आहे. पान सोडायची वेळ झालेली असते, तीन कॉलमांची जागा असते, मोठ्या टाइपात चार शब्द बसतात. अशा वेळी पहिला बळी ‘संशयित’ या शब्दाचा जातो. मग ‘चौकशी सुरू’चं ‘जेरबंद’ होतं, आणि उरलेल्या जागेत ‘परप्रांतीय’ चपखल बसतं, कारण ते वाचलं की वाचक थांबतो. एकदा असाच मथळा लावायला मी नकार दिला. मजकुरात फक्त संशय आहे, मी हे लावणार नाही, असं वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं. मथळा लागला, आणि पुढच्या आठवड्यात मी पुरवणी विभागात होतो. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते शेजारच्या टेबलांवरून एकही आवाज उठला नाही याचं.

मथळ्यांनी काय होतं, हे नाशिक जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारी २००८ आठवा. उत्तर भारतीयांविरुद्धचं आंदोलन मुंबईतून इथे आलं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार बायकामुलांसह स्टेशनवर जमले, हजारो माणसं निघून गेली. त्या आधी कितीतरी दिवस ‘लोंढे’ हा शब्द पानापानांवर होता. पुरासाठी वापरायचा शब्द आपण माणसांसाठी वापरत होतो. आणि त्या आंदोलनात बसवर झालेल्या दगडफेकीत जीव गेला तो ओझरच्या एचएएलमधल्या एका मराठी कर्मचाऱ्याचा. बसवर पडणारा दगड आत कोण बसलं आहे हे विचारत नाही.

ही परंपरा त्याहून जुनी आहे. १९६०च्या दशकात ‘मार्मिक’मधून मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खरा होता, आजही आहे. पण नावांच्या यादीने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, शत्रू निर्माण होतो. विलायतेतही हेच चालतं. २००३ साली लंडनच्या ‘द सन’ने पहिल्या पानावर छापलं की आश्रयाला आलेले परदेशी लोक राणीचे राजहंस मारून खातात. पुरावा निघाला नाही. काही महिन्यांनी आतल्या पानावर छोटासा खुलासा आला. मथळा लाखोंनी वाचला, खुलासा कितींनी वाचला असेल?

आणि १ जुलै २०१८ चं राईनपाडा. आपल्या शेजारचा धुळे जिल्हा, साक्री तालुका, आपल्यासारखाच आदिवासी पट्टा. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेसाठी फिरणारी. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. अफवा मोबाइलवर पसरली हे खरं, आणि तेवढं म्हणून आपण सुटलो. पण त्या दिवसांतलं एका आवृत्तीचं पान मी जपून ठेवलं आहे. मथळ्यात ठळक ‘टोळी’ आहे, पुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि ‘अफवा’ हा शब्द चौथ्या परिच्छेदात आहे. पाड्यावर पेपर एक येतो आणि एक जण तो मोठ्याने वाचतो. तो मथळा वाचतो. प्रश्नचिन्ह वाचून दाखवता येत नाही.

मथळा भडक नसावा आणि खालच्या मजकुराला धरून असावा, हा प्रेस कौन्सिलचा नियम आहे. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, त्यापलीकडे तिच्या हाती काही नाही. म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागेल. तालुक्याच्या संघाने वर्षभराचे असे मथळे मूळ बातमीसह जमवावेत आणि पुढच्या संमेलनात भिंतीवर लावावेत, असं मी सुचवतो. डेस्कवरची मंडळी आणि वार्ताहर यांची एक बैठक नाशिकला व्हावी. ती कधी, कुठे आणि कुणी बोलवायची, हे कार्यकारिणीने ठरवावं, मी हजर राहीन.

तोवर एक मागणं आहे, आणि ते इथल्या प्रत्येक वार्ताहराकडे आहे. आपली बातमी छापून आली की आधी मथळा वाचा. त्यात आपण न लिहिलेलं गाव, जात किंवा प्रांत दिसला तर त्याच दिवशी कार्यालयाला फोन करा, आणि फोनने भागलं नाही तर लेखी पत्र द्या. पत्राची प्रत संघाकडे ठेवा. मानधन बंद झालं तर संघ तुमच्या पाठीशी उभा राहील, हा ठराव आज संध्याकाळी याच मांडवात मांडा. पहिली सही माझी असेल.