आवळा कोणाचा, कोहळा कोणाचा?



मोठ्या शहरांतील मॉलमध्ये आणि विमानतळावर हल्ली एखादा तरुण हसतमुखाने वाट अडवतो आणि क्रेडिट कार्ड घेण्याचा आग्रह करतो. एका कार्डावर किराणा, औषधे, वीजबिल अशा रोजच्या खर्चाचा काही भाग परत मिळतो, तर दुसऱ्यावर प्रत्येक खरेदीमागे पॉइंट साठतात आणि त्यांतून पुढे विमानाचे तिकीट निघते. यांपैकी कोणते कार्ड अधिक फायद्याचे, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत आज गांभीर्याने चर्चिला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. तेव्हा हा विषय मूठभर श्रीमंतांचा उरलेला नाही, आणि कार्यकर्त्याने तो क्षुल्लक मानून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण मराठी माणसाला सांगावी लागत नाही. येथे आवळा सर्वांना दिसतो आहे. कोहळा कोणाच्या परसातून काढला जातो, एवढेच शोधावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, तेव्हा त्याचा हेतू हॉटेलचे बिल महिनाअखेर एकत्र भरता यावे एवढाच होता. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात लोकांनी न मागताच साठ हजार कार्डे टपालाने घरोघर पाठवली. पुढे ‘व्हिसा’ या नावाने जगभर पसरलेल्या जाळ्याचा तो आरंभ होय. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांना मैल मोजून बक्षीस देण्याची योजना काढली. १९८६ साली ‘डिस्कव्हर’ कार्डाने खर्चाचा अंश रोख परत देण्यास सुरुवात केली आणि १९८७ साली विमान कंपनीचे मैल बँकेच्या कार्डाला जोडले गेले. म्हणजे आजच्या प्रवासाच्या कार्डाचे आणि रोजच्या खर्चाच्या कार्डाचे कूळ एकाच दशकातील आहे. आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. त्यानंतर कित्येक वर्षे ते प्रतिष्ठेचे लक्षण होते. रोजच्या व्यवहाराचे साधन ते अलीकडे झाले.

आता बक्षिसाचा पैसा येतो कोठून ते पाहू. ग्राहकाने दुकानात हजार रुपयांची खरेदी क्रेडिट कार्डावर केली, तर दुकानदाराच्या हाती पूर्ण हजार रुपये पडत नाहीत. साधारणपणे शेकडा दीड ते अडीच रुपये शुल्क म्हणून कापले जातात. या कापलेल्या रकमेतील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि उरलेला दुकानदाराची बँक व कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी यांच्यात वाटला जातो. कार्ड देणारी बँक आपल्या वाट्यातील काही अंश ग्राहकाला ‘बक्षीस’ म्हणून परत करते. बक्षिसाचा हा पहिला झरा होय. दुसरा झरा वार्षिक शुल्काचा. तिसरा, आणि सर्वांत खोल, बिल वेळेवर पूर्ण न भरणाऱ्या ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या व्याजाचा.

हे तीन झरे ध्यानात ठेवले की दोन कार्डांची तुलना सोपी होते. उदाहरणादाखल दोन काल्पनिक कार्डे घेऊ. पहिल्याचे वार्षिक शुल्क ५०० रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरून ५९० रुपये, आणि खर्चाचा एक टक्का रोख परत. दुसरे प्रवासाचे कार्ड. त्याचे शुल्क ५,००० रुपये, करासह ५,९००, आणि दर १५० रुपयांच्या खर्चामागे चार पॉइंट. विमानप्रवासासाठी वापरल्यास पॉइंटची किंमत एक रुपया, एरवी भेटवस्तूंसाठी पंचवीस पैसे.

महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,००० रुपये खर्च करणाऱ्या शिक्षकाला पहिल्या कार्डावर १,८०० रुपये मिळतील. शुल्क वजा जाता १,२१० रुपये उरतील. दुसऱ्या कार्डावर त्याला ४,८०० पॉइंट मिळतील. सगळे पॉइंट विमानासाठी वापरले तरी त्यांचे मोल ४,८०० रुपये आणि शुल्क ५,९००. म्हणजे विमानात बसूनही अकराशे रुपये पदरचे गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला तो हाच.

याउलट वर्षाला सहा लाख रुपये कार्डावर खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरे कार्ड १६,००० रुपयांचे पॉइंट देईल आणि शुल्क वजा जाता १०,१०० रुपये उरतील. पहिल्या कार्डावर त्याला ५,४१० रुपयेच उरले असते. या दोन कार्डांची लाभरेषा वार्षिक ३,१८,६०० रुपयांच्या खर्चावर एकमेकींना छेदते. त्याखाली खर्च असणाऱ्याने प्रवासाच्या कार्डाच्या वाटेला जाऊ नये. रेषेच्या वर असणाऱ्यानेही पॉइंट खरोखर विमानासाठीच वापरले जातील काय, हे स्वतःला विचारावे. कारण तेच १६,००० पॉइंट भेटवस्तूंवर घालवले तर त्यांचे मोल ४,००० रुपये होते आणि वर्षाअखेर १,९०० रुपयांचा तोटा पदरी पडतो.

प्रवासाच्या कार्डाचे आणखी एक अंग सहसा सांगितले जात नाही. परदेशात किंवा परकीय चलनात खर्च केला की पुष्कळ कार्डांवर सुमारे साडेतीन टक्के जादा आकार आणि त्यावर अठरा टक्के कर लागतो. परदेशी शिकणाऱ्या मुलाला भेटायला गेलेल्या आईवडिलांनी तेथे एक लाख रुपये खर्च केले, तर ४,१३० रुपये या आकारातच जातात. वरच्या हिशेबाने मिळणारे पॉइंट फार तर २,६६६ रुपयांचे. प्रवासासाठी म्हणून घेतलेले कार्ड खुद्द प्रवासातच महाग पडते, ते असे. हा आकार कमी असलेली किंवा मुळीच नसलेली कार्डेही बाजारात आहेत. तेव्हा परदेशी जाणाऱ्याने विमानतळावरील विश्रामकक्षाच्या आधी या आकाराची चौकशी करावी.

पॉइंट हे एक चलन आहे, परंतु त्या चलनाची किंमत ठरवणारी सत्ता खासगी आहे. गेल्या काही वर्षांत अनेक बँकांनी घरभाडे, पेट्रोल, वीजबिल यांवरील पॉइंट बंद केले किंवा त्यांना मर्यादा घातली, आणि विश्रामकक्षाची सोय ठरावीक खर्चाच्या अटीला बांधली. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. विस्तारा कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. दोन्ही कंपन्यांच्या नावाने बँकांनी कार्डे काढली होती. साठलेले पॉइंट काही प्रमाणात अन्यत्र वापरता आले हे खरे, पण ज्या विमानासाठी ते जमवले ते विमानच राहिले नाही. तात्पर्य, पॉइंट साठवून ठेवणे ही बचत नव्हे. मिळाले की वापरावेत, हेच शहाणपणाचे.

याहून गंभीर गोष्ट व्याजाची. बिल मुदतीत पूर्ण भरले तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी उधारी मिळते आणि तोवर कार्ड ही उत्तम सोय आहे. परंतु बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून जो समाधान मानतो, त्याला खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. दरमहा साडेतीन टक्के हा दर बाजारात नवलाचा नाही. वर्षाला तो बेचाळीस टक्के होतो. वर उल्लेखिलेल्या शिक्षकाची दहा हजारांची बाकी तीन महिने राहिली, तर सरळव्याजाने १,०५० रुपये व्याज आणि १८९ रुपये कर, एकूण १,२३९ रुपये जातात. वर्षभर काटकसरीने जमवलेले १,२१० रुपये एका आजारपणात किंवा एका लग्नसराईत बुडाले! तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. सावकाराच्या व्याजाविरुद्ध ज्या महाराष्ट्रात १८७५ साली शेतकऱ्यांनी दंगे केले, तेथे बेचाळीस टक्के हा आकडा आज चकचकीत कागदावर छापून येतो आणि कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुकानदाराकडून कापले जाणारे शुल्क शेवटी कोण सोसतो? दुकानदार एका वस्तूच्या दोन किमती सहसा ठेवत नाही. शुल्काचा भार तो सर्वच किमतींत थोडा थोडा मिसळतो, किंवा स्पर्धेमुळे ते जमले नाही तर आपल्या नफ्यातून सोसतो. पहिल्या प्रकारात रोख पैसे मोजणारी मोलकरीण आणि कार्ड पुढे करणारा अधिकारी यांना साबणाची वडी एकाच भावाने मिळते, पण अधिकाऱ्याला त्यातील अंश परत मिळतो आणि मोलकरणीला मिळत नाही. अमेरिकेतील बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांच्या पदरात टाकते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ती आकडेवारी अमेरिकेची आहे, ती जशीच्या तशी येथे लावणे चुकीचे होईल. मात्र पैसा ज्या दिशेने वाहतो ती दिशा दोन्हीकडे सारखीच आहे.

दुकानदारालाही लाभ होतो, गिऱ्हाईक वाढते, रोकड सांभाळण्याचा खर्च व धोका टळतो, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. सेवेचे वाजवी मोल बँकेला मिळालेच पाहिजे. पण सेवेचे मोल आणि बक्षिसाचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून बँकांमधील शुल्कावर क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ पासून तेथील शुल्क खाली आणले. दोन्हीकडे कार्डे चालूच राहिली, मात्र बक्षिसे रोडावली. अमेरिकेने अशी मर्यादा मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डाला २०११ साली घातली आणि क्रेडिट कार्ड मोकळे सोडले. तेथील बक्षिसांचा थाट म्हणूनच टिकून आहे. भारतात रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील व्यापारी शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आले, पण क्रेडिट कार्डाच्या शुल्काला तशी कमाल मर्यादा नाही. २०२२ साली रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा मिळाली. त्यामुळे वाण्याच्या दारावरचा चौकोनी कोड आता बँकेतील पैशालाही चालतो आणि उधारीच्या पैशालाही. त्यामागे कोणते शुल्क कधी कापले जाते, हे त्या वाण्याला सहज कळेल अशी व्यवस्था असली पाहिजे.

तेव्हा मागणी कशाची करावयाची, हे स्पष्ट आहे. क्रेडिट कार्डाच्या शुल्काला वाजवी मर्यादा असावी. किमान रक्कमच भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती महिने लागतील, हे बिलावर ठळक अक्षरांत असावे. पॉइंटची किंमत कमी करावयाची झाल्यास आधी साठलेले पॉइंट जुन्याच दराने वापरण्यास पुरेशी मुदत मिळावी.

कायदा बदलेपर्यंतही करण्यासारखे पुष्कळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागितलेले कार्ड माथी मारता येत नाही. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले नाही, तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यावयाचा आहे. कामगार वस्तीत, शिक्षक संघटनेत, महिला बचत गटाच्या बैठकीत हे नियम वाचून दाखवले पाहिजेत. त्याच बैठकीत प्रत्येकाने आपले कार्डाचे बिल आणावे आणि कागदावर दोन रकाने पाडावेत. एकात वर्षभरात मिळालेले बक्षीस लिहावे आणि दुसऱ्यात दिलेले शुल्क, व्याज व कर. ज्याचा दुसरा रकाना जड निघेल, त्याने पॉइंटांचा मोह सोडून आधी बाकी फेडावी. ज्याचा पहिला रकाना जड निघेल त्याने कार्ड खुशाल वापरावे. मात्र शुल्कावर मर्यादा मागणाऱ्या अर्जावर त्यानेही सही करावी, कारण त्याच्या हातातील आवळ्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली आहे.