मी म्हटलं तेच लिही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘साहित्यिक’ असं छापलंय. ते वाचून मागच्या रांगेतला आमचा कंपू हसला, ते मला इथवर ऐकू आलं. हसणं रास्तच आहे. आपल्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीत शुद्धलेखनाला सगळ्यांत जास्त लाल शाई माझ्याच वहीत सांडायची. त्यामुळे वाचन-लेखनावर उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. एक चूक मात्र सांगतो. ती आजवर फक्त आपल्या मराठीच्या सरांना ठाऊक होती.

तुम्हाला आठवत असेल, मी शिरूरला मामाकडे राहून शिकलो. आई-वडील दौंडला, रेल्वेच्या वस्तीत. शनिवारी दुपारी शाळा सुटली की घोडनदीच्या स्टँडवर एसटी पकडायची, न्हावरं, मग भीमा ओलांडून केडगाव-चौफुला आणि पुढे दौंड. आमच्या शेजारी एक आजी राहायची. तिचा एकुलता मुलगा मुंबईत गिरणीत होता. आजीला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे त्याचं आलेलं पत्र शनिवारपर्यंत देवाच्या फळीवर थांबायचं आणि मी वाचून दाखवायचो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या वर्षी मी आठवीत होतो. दिवाळीच्या आधी आजीला आंतरदेशीय पत्र आलं. मुलानं लिहिलं होतं, संप मिटायचं चिन्ह नाही, गाडीभाड्यालाही पैसे नाहीत, दिवाळीला माझी वाट पाहू नको. आजी पदराला हात पुसत समोर बसली होती. माझ्याच्यानं ते वाक्य वाचवेना. मी वाचलं, “दिवाळीला नक्की येतो.”

मित्रांनो, माझं पहिलं ललित लेखन ते. वाचकाला ते फार आवडलं.

दिवाळीत आजी दोन दिवस दौंड स्टेशनवर बसली. मुंबईकडून गाडी आली की उठायची, डब्याडब्यातून उतरणाऱ्या माणसांकडे बघायची, गाडी गेली की परत बाकावर. पिशवीत करंज्यांचा डबा होता. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. पण तोंडातून शब्द फुटला नाही. तिनं त्यातल्याच दोन करंज्या मला खायला दिल्या. ती चव अजून जिभेवरून जात नाही.

सुट्टी संपल्यावर सरांना सगळं सांगितलं. छडी मिळेल असं वाटलं होतं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शनिवारी जा आणि पत्र आहे तसं वाच. मग तिला जे सांगायचंय ते लिहून घे.” बस, एवढंच.

मी गेलो. पत्र आहे तसं वाचलं. आजी रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली, “पुन्यांदा वाच.” तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “आता लिही.” तिनं सांगितलं ते असं : “संप मिटू दे न्हाईतर न मिटू दे, तू घरी ये. भाकरी हाय.” मी आठवीतला हुशार विद्यार्थी. मी लिहिलं, “चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद. आपण सवडीनुसार घरी येण्याचे करावे.” तिनं वाचून दाखवायला सांगितलं आणि विचारलं, “ह्ये कोन बोलतंय? मी म्हटलं त्येच लिही.”

मी कागद बदलला. मुलगा पौषात घरी आला. पुढे इकडेच साखर कारखान्यात लागला.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक वाचताना माझ्या मनात आजीचा तो प्रश्न येतो : हे कोण बोलतंय? आणि स्वतःचं लिहिलेलं मोठ्यानं वाचताना तर हमखास येतो. एकदा चाळीस पानं लिहून झाल्यावर कळलं, की त्यातली शेतकरीण बोलतच नव्हती, माझीच विद्वत्ता बोलत होती. चाळीस पानं फाडली. ‘सर्जनशील आयुष्य’ म्हणतात ते माझ्यापुरतं एवढंच आहे. दुसऱ्याचं नीट ऐकायचं, आणि त्याच्या तोंडी आपली सोय घालायची नाही.

आपल्या त्याच एसटीच्या वाटेवर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, हे आपण खिडकीतून नुसतं ऐकत आलो. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्या रमाबाई. संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं. पण आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. केडगावच्याच छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियांनी खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. धर्म कुणाचा कुठला असो, एवढी मोठी पंडिता आपलं पांडित्य बाजूला ठेवून समोरच्या बाईच्या भाषेपाशी येऊन बसते, हे मला लेखक म्हणून फार मोठं वाटतं. मला ते आजीनं एका वाक्यात शिकवलं होतं. रमाबाईंचं काम समजायला मात्र पन्नाशी उजाडली.

आता तुमच्यासाठी एक विनंती. या स्मरणिकेसाठी लेख मागितले तेव्हा निम्म्या जणांनी संपादकांना कळवलं, “आम्हाला कुठं लिहिता येतं?” अरे, कुणी कारखान्यात तीस वर्षं काढली, कुणी घोडच्या पाण्यावर ऊस जगवला, कुणी रात्रपाळीत गाड्यांना हिरवा दिवा दाखवला. तुमच्यापाशी सांगायला आहे. आणि घरात ज्यांचे आई-वडील अजून बोलताहेत, त्यांनी आजच रात्री वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. छापायचं म्हणून नको. ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवा. शुद्धलेखन चुकलं तर चुकू द्या. लाल शाईवाले आमचे सर पहिल्या रांगेतच बसलेत, त्यांच्याकडून तपासून घेऊ.

सर, ते पत्र मी आहे तसं वाचलं होतं, हे तेव्हा तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आज सांगतो.