राखून ठेवलेला डाव

(महाविद्यालयाच्या नव्या कुस्ती विभागाला एक वर्ष पूर्ण झाले, त्या वेळी प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)

मुलामुलींनो,

वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, हे तुम्ही ऐकलं असेल. चेला उलटलाच तर त्याला चीत करायला. लोक हे कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. आमच्या गावच्या तालमीत हौदाची माती उकरायला, तिच्यात ताक-हळद कालवायला आमच्या वस्तीतली पोरं चालायची. जोड मात्र सगळ्यांत शेवटी मिळायची, आणि डाव शिकायचा तो लांबून बघून. आमच्यासाठी एक नव्हे, सगळेच डाव राखून ठेवलेले होते.

इथं संघ उभा करायला आलो तेव्हा पहिली सूचना आली: बाहेरचे तयार पैलवान आणा, नावापुरता प्रवेश द्या, पहिल्याच वर्षी पदकं येतील. मी नाही म्हणालो. ते वर्गात कधी दिसले नसते आणि तुम्हाला मॅटवर जागा उरली नसती.

म्हणून मॅटशेजारी आधी फळा लावला. ढाक असो, कलाजंग असो, पकड कुठं, पाय कुठं, भार कोणत्या बाजूला, सगळं फळ्यावर. जो शिकला त्यानं शनिवारी नव्या मुलाला शिकवायचं. संघनिवड सगळ्यांसमोर: एका वजनगटातले दोघं, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण तिथंच लिहायचे. कोणत्या आळीचा, कोणाचा, हा प्रश्नच नाही. आणि खुराक एका पातेल्यातला. बदाम-तुपाचा खर्च झेपेना म्हणून लंगोट खुंटीला टांगलेले कितीतरी पैलवान मी पाहिलेत. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, अंडी यांवरही अंग धरतं. अंडं न खाणाऱ्याला दूध जास्त मिळेल, पण खाणाऱ्याला वेगळं बसवायचं नाही.

कॉलेजातून पैलवान घडतो का, असं विचारणाऱ्यांना खाशाबा जाधवांचं नाव सांगा. ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मातीत वाढलेला हा पैलवान 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकर सरांपुढं मी हात जोडतो. पण प्रत्येक मुलाच्या नशिबी असे प्राचार्य येत नाहीत. जे एका माणसाच्या मोठ्या मनावर चाललं, ते नियमानं चालावं यासाठी हा विभाग आहे.

यंदा आपल्याला एकही पदक नाही. पुढच्या वर्षी विभाग चालू ठेवायचा का, हे संस्था या महिन्यात ठरवणार आहे. मी त्यांच्यापुढं हजेरीवही ठेवणार आहे. जूनमध्ये तेरा जण आलात, त्यातले अकरा आजही पहाटे येता, आणि अकराही जण परीक्षेला बसलात. पदकाची वाट इथूनच जाते, असं मी सांगेन.

आता तुमच्याकडं मागणं. तुमच्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर होणार. पदवी हातात आली की फक्त नोकरीच्या जाहिराती बघू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका आहे, ती करा. पंचांच्या परीक्षा द्या. लढणारे आपल्यात पुष्कळ झाले. मॅटच्या कडेच्या खुर्चीत आणि निवड समितीत बसणारे फार थोडे. डाव कोणाला शिकवायचा, हे तिथं ठरतं.

सोमवारी साडेपाचला या. मोळी शिकवणार आहे. वही घेऊन या.