हायड्रोजनची बस आणि बाळंतिणीची शेगडी



मागच्या बैठकीत आम्ही हायड्रोजनवर चालणाऱ्या बसची माहिती वाचली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात अशी देशी बनावटीची बस दाखवली गेली. तिच्यात डिझेल जळत नाही. तिच्यात इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल असतो. त्याच्या एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये पातळ पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचे बारीक कण. तिथे वीज तयार होते, आणि बाहेर पडतं ते पाणी.

पण हा घट फार नाजूक. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढला, की त्यात थोडा कार्बन मोनॉक्साइड राहू शकतो. तो प्लॅटिनमवर ठाण मांडून बसतो. एसटीत कुणी रुमाल टाकून जागा अडवावी, तसंच! हायड्रोजनला जागाच उरत नाही आणि वीज कमी होते. म्हणून गाडीच्या हायड्रोजनमध्ये एक कोटी भागांत फार तर दोन भाग कार्बन मोनॉक्साइड चालतो.

मग बिघडलेला घट सुधारतो का? बऱ्याच अंशी सुधारतो. शुद्ध हायड्रोजन देत राहिलं, की अडलेली जागा हळूहळू मोकळी होते. कधी हायड्रोजनमध्ये किंचित हवा सोडतात. त्या हवेने कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि निघून जातो. गंधक मात्र एकदा बसलं, की सहजी हटत नाही. म्हणून आधीच जपावं लागतं.

हे वाचलं आणि आम्हाला बाळंतिणीची खोली आठवली. आपण दारं-खिडक्या लावून शेगडीचा शेक देतो. निखाऱ्यांतून निघतो तो हाच वायू! त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रक्तात तो ऑक्सिजनची जागा अडवतो. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेतच जीवही जाऊ शकतो. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, बंद खोलीत शेगडी ठेवायची नाही. ऊब हवी तर गरम कपडे, पांघरूण. कुणाला गुंगी आली, तर दार-खिडक्या उघडा, आई-बाळाला लगेच मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

मशीनला आपण एवढं जपतो, मग माणसाला नको का? आजच घरी हे बोला.