बालकांचे हात आणि घरगुती हस्तव्यवसाय
(हिरकणीवाडी येथे भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात बालसंगोपनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांची आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. विषय पांडित्याचा नाही. शाळेत न जाणाऱ्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातांना घरी कोणते काम द्यावे, एवढाच आहे.

ज्या वाडीत आपण जमलो आहोत, तिचे नावच एका मातेचे आहे. गडाचे दरवाजे बंद झाले असता घरच्या तान्ह्यासाठी काळोखात कडा उतरणाऱ्या हिरकणी गवळणीची आख्यायिका आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? तसे धाडस आजच्या आईकडून कोणी मागत नाही. मूल आज मागते ते एवढेच की, दिवसातून अर्धा तास कोणी तरी आपल्याजवळ बसावे.

परंतु आपल्या घरांत काय दिसते? मूल तीन वर्षांचे झाले न झाले तोच त्याच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची घाई सुरू होते. बोटांच्या बारीक स्नायूंत अजून बळ नसते. मूल कंटाळते, रागे भरले की रडते, आणि पाटीपुस्तकाचा धाक त्याच्या मनात कायमचा बसतो. ज्या हाताने माती मळली, कागद फाडला, मणी ओवले, त्या हाताला पुढे लेखणी जड जात नाही. हस्तव्यवसाय हीच लेखनाची पूर्वतयारी होय.

हे आमच्या पदरचे नव्हे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत चालले. मॉन्टेसोरीबाईंची साधने महाग. खेड्याला ती परवडणार कशी? तेव्हा या दोघींनी खडे, शिंपले, पाने व बिया हीच साधने केली. अंगणात मुले जमवून शिकविण्याची त्यांची रीत, आणि अंगणवाडी हा शब्दही तेथलाच. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे तो देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिक्षणावरच भर दिला आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिले काम मातीचे. ओढ्याकाठची चिकण माती आणून खडे वेचावेत, रात्रभर भिजत ठेवावी, वरचे पाणी ओतून कणकेसारखी मळावी व ओल्या फडक्यात गुंडाळावी. मूल आधी गोळ्या करील, मग वळ्या, मग पोळपाट-लाटणे. दिवाळीत अंगणात किल्ला होतोच. रायगडाच्या पायथ्याशी तो व्हावा, यात नवल ते काय! थोरल्यांनी बुरूज रचावेत आणि धाकट्याकडे पायऱ्यांचे खडे लावणे व हळीव पेरणे हे काम द्यावे. मुंबईच्या चाळीत माती मिळत नसेल, तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ व पाऊण वाटी पाणी एकत्र मळावे. हा गोळा खारट असतो. तो मुलाच्या पोटात जाऊ देऊ नये.

दुसरे काम ठशांचे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. गेरू, हळद व कोळशाची पूड भाताच्या पेजेत कालवावी आणि जुन्या वर्तमानपत्रावर मुलाला मनसोक्त ठसे उमटवू द्यावेत.

तिसरे काम ओवण्याचे. नाडीचे टोक वितळलेल्या मेणात बुडवून कडक करावे, म्हणजे सुईचे कारण उरत नाही. प्लास्टिकच्या जुन्या बांगड्या व भोके पाडलेली झाकणे तीत ओवावीत.

चौथे काम लगद्याचे. रद्दी दोन दिवस भिजवून कुटावी, भिजविलेल्या मेथ्या वाटून तीत मिसळाव्यात आणि पालथ्या वाटीवर थापून सावकाश वाळवावे. आपल्या आज्या अशा टोपल्या करीत. कागद फाडणे व लगदा थापणे ही कामे मुलाची, कुटणे आजीचे. तीन पिढ्या एका कामाशी बसतात, हा लाभ निराळाच.

सावधगिरीचे दोन शब्द. गुंजा दिसावयास सुंदर, पण विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही तशाच. या दोन्ही खेळात नसाव्यात. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो मुळीच घालू नये. चिंचोक्यांसारख्या लहान वस्तू नाकात वा घशात अडकतात. मोठ्या माणसाने जवळ बसल्यावाचून त्या देऊ नयेत. आणि मुलाने वाकडा बैल केला, तर तो आपण सरळ करून देऊ नये. बैल त्याचा आहे.

शेवटी थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. माती हे कुंभाराचे काम, टोपली हे बुरुडाचे, आमच्या मुलाने साहेब व्हावयाचे, असे उद्गार आपल्याच घरांत ऐकू येतात. ज्ञातीचा अभिमान असावा. परंतु दुसऱ्याच्या श्रमाला हलके मानणे हा अभिमान नव्हे. चार वर्षांच्या मुलाला चिखलाची जात ठाऊक नसते. ती आपण त्याला शिकवितो. ज्याने स्वतः मडके घडविण्याची खटपट केली, तो मडके घडविणाऱ्याला कधी तुच्छ लेखणार नाही. मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, ते योग्यच. पण त्या गुणांची पहिली पेरणी अंगणातल्या चिखलात होते, हे विसरू नये.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. मुलासाठी एक टोपली राखून ठेवावी. चिंध्या, करवंट्या, रिकाम्या काड्यापेट्या, रद्दी तीत जमवावी. रोज अर्धा तास आईने, आणि वडिलांनीही, मुलाजवळ बसावे. गावाकडे येताना मुंबईकरांनी अंगणवाडीसाठी असेच एक गाठोडे आणावे. खर्च जवळजवळ नाही. लागेल तो वेळ, आणि तो देणे आपल्या हाती आहे.