काखेतलं ओझं

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजचा माझा विषय ऐकून काही जण दचकतील. काखेत रिव्हॉल्वर बांधून हिंडावं की हिंडू नये, यावर मी बोलणार आहे. मी पोलिसात नव्हतो, सैन्यात नव्हतो. मी हुपरीचा चांदीवाला. आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. एका घरात आटणी होते, दुसऱ्या घरात तार ओढली जाते, तिसऱ्या घरात बायका घुंगरू जोडतात आणि शेवटी पैंजण तयार होतं. ते पैंजण पुण्या-मुंबईच्या पेढ्यांवर पोचवायचं काम माझ्यासारख्यांचं. पिशवीतला माल माझ्या एकट्याचा नसे. त्यात दहा-बारा घरांची मजुरी असे. एवढं ओझं घेऊन रात्रीच्या एसटीनं आणि रेल्वेनं प्रवास करायचा म्हटलं की भीती वाटतेच.

म्हणून १९९८ साली मी परवाना काढला. पॉइंट बत्तीसचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर घेतलं. त्याचं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. मग प्रश्न आला, हे बाळगायचं कुठं? पिशवीत ठेवलं तर पिशवीबरोबरच जाणार. कमरेला लावलं तर बसल्यावर बरगडीत टोचतं, सदरा वर होतो आणि सगळ्या एसटीला कळतं. शेवटी कोल्हापुरातल्या एका चर्मकार कारागिराकडून काखेत अडकवायचा पट्टा मापानं करून घेतला. इंग्रजीत त्याला शोल्डर होल्स्टर म्हणतात. दोन्ही खांद्यांवरून पट्टे येतात, डाव्या काखेत म्यान लटकतं आणि उजव्या हातानं छातीवरून आडवं जाऊन मूठ धरायची. कारागीर हसून म्हणाला होता, "चपला लई केल्या, पण असलं काम पहिल्यांदाच."

या पट्ट्याचे फायदे आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. वजन दोन खांद्यांवर वाटलं जातं, त्यामुळं दिवसभर घातला तरी कंबर धरत नाही. वर बंडी किंवा जाकीट घातलं की बाहेरून काही दिसत नाही. रेल्वेच्या संडासात गेलं तरी काढून ठेवावा लागत नाही. ही गोष्ट हसण्यासारखी वाटेल, पण कमरेचं शस्त्र असं काढून ठेवलं आणि तिथंच विसरून आलं, तर काय होईल याचा विचार करा. जीपमध्ये, बसमध्ये बसल्या जागी हात पोचतो. पुढं २०१६ साली शस्त्र नियम आले. त्यांतही हेच सांगितलं आहे की सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर ते त्यासाठी केलेल्या म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं.

आता दुसरी बाजू. पहिला शत्रू आपली हवा. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात जाकीट घालून हिंडणारा माणूस न सांगताच ओळखू येतो. घामानं लोखंडाला गंज धरतो. पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी चढते. लग्नाच्या पंगतीत यजमान आग्रह करतो, "अहो, जाकीट तरी काढा!" आणि आपण घामाघूम होऊन "असू दे, असू दे" म्हणत बसतो. एकदा बांधलं की कुणाच्या घरी मोकळं बसता येत नाही.

पण हे त्रास फक्त माझे होते. दुसऱ्यांना असलेला धोका मला माझ्या मामांनी दाखवला. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एकदा आम्ही दोघं वडापनं गडहिंग्लजकडं निघालो होतो. माझ्या मागच्या बाकावर एक बाई तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मामांनी माझ्या जाकिटाकडं बघितलं आणि कानाशी येऊन विचारलं, "तुझ्या नळीचं तोंड कुणीकडं हाय रं?"

मी क्षणभर गोंधळलो. मग लक्षात आलं. माझा पट्टा आडवा होता. मूठ पुढं आणि नळी पाठीमागं. म्हणजे मी जिथं जिथं बसत होतो, तिथं माझ्या मागं बसलेल्या माणसावर माझी नळी रोखलेली होती. एसटीत, रांगेत, अंबाबाईच्या देवळाबाहेरच्या गर्दीत. तीन वर्षं मी हे करत होतो आणि मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. मामा म्हणाले, "आमच्यात पयला धडा ह्योच. जे मारायचं न्हाई, त्याच्याकडं नळी करायची न्हाई. भरलेली असू दे न्हाईतर रिकामी."

दुसऱ्या आठवड्यात मी पट्टा बदलून नळी खाली राहील असा करून घेतला. तरी एक दोष राहिलाच. छातीवरून आडवा हात नेऊन शस्त्र बाहेर काढताना नळी आपल्याच डाव्या दंडावरून आणि शेजारच्या माणसावरून फिरते. शिवाय मूठ पुढच्या बाजूला असते, त्यामुळं समोरचा माणूस अंगावर आला तर माझ्याइतकाच त्याचाही हात तिथं पोचतो. झटापटीत ते कुणाच्या हाती लागेल, हे कुणी सांगावं?

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं सांगतोय, तो सांगतो. २००३ साली एका मोठ्या बसस्थानकावर पहाटे उतरलो. पिशवीत सहा किलो माल होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, तुमचे पैसे पडलेत." मी वळून खाली बघितलं. दहा-दहाच्या दोन-तीन नोटा पडल्या होत्या. वाकलो मात्र, आणि पायाशी टेकवलेली पिशवी गेली. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा ती घेऊन पळत होता.

माझा हात जाकिटात गेला. मूठ हाताला लागली. ते गार लोखंड मला आजही आठवतं. समोर पोरगा धावतोय, त्याच्या पलीकडं फलाटावर झोपलेली माणसं, चहाची गाडी, शाळेच्या सहलीची मुलं. मी शस्त्र बाहेर काढलं नाही. शहाणपण होतं म्हणून काढलं नाही, असं म्हणणार नाही. हात गोठला होता. पोरगा भिंतीवरून उडी टाकून गेला. माल परत मिळाला नाही.

नंतर एका वकील मित्रानं मला कायदा समजावून सांगितला. स्वसंरक्षणाचा हक्क तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्ता वाचवण्यासाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क काही ठरावीक प्रसंगांतच जातो. उदाहरणार्थ, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, किंवा ज्या चोरीत आपल्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला वाजवी भीती आहे अशी चोरी. पिशवी घेऊन पळणारा पोरगा त्यात बसत नाही. मी गोळी झाडली असती, तर चोर तो राहिला नसता, गुन्हेगार मी झालो असतो. आणि नेम चुकला असता तर?

गावात आल्यावर मी त्या दहा-बारा घरांत स्वतः गेलो. मजुरी फेडायला मला दोन वर्षं लागली. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला विचारलं, "तुमच्याकडं ते हुतं न्हवं?" मी म्हटलं, "होतं." ते पुढं काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. शस्त्र होतं म्हणूनच मी पिशवी पायाशी ठेवली होती. परवान्याआधीच्या काळात पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळल्याशिवाय मी बसमधून उतरत नव्हतो.

याचा पडताळा मला दर निवडणुकीला यायचा. आचारसंहिता लागली की आमच्या भागात परवान्याची शस्त्रं पोलिसांत जमा व्हायची. माझंही जायचं. महिना-दोन महिने धंदा थोडाच थांबतो? त्या दिवसांत मी दिवसाची गाडी धरायचो, सोबत भावाला घ्यायचो, माल दोन ठिकाणी वाटायचो, वाटेत कुणाशी फार बोलायचो नाही. एकदाही काही झालं नाही. आणि खरं सांगू का, त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची.

घरातली एक गोष्टही सांगायला हवी. माझी मुलगी तेव्हा लहान होती. मी गावाहून आलो की ती पळत येऊन बिलगायची आणि मी दर वेळी डावी बाजू वळवून घ्यायचो. आधी कपाटाचं कुलूप, गोळ्या वेगळ्या, म्यान वेगळं, आणि मग मुलगी. एकदा बायको म्हणाली, "अहो, ती आता उजवीकडूनच येते, बघितलंत का?" पोरीला कारण ठाऊक नव्हतं, पण सवय लागली होती.

२०१९ साली परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा मी तो परत केला आणि रिव्हॉल्वर रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडं जमा केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. आणि लग्नात, मिरवणुकीत हर्षानं गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

हे सगळं आज बोलायचं कारण माझा पुतण्या. तो मध्यंतरी म्हणाला, "काका, मला पण परवाना काढायचाय. तुमच्यासारखा काखेतला पट्टा करून घेतो." मी विचारलं, "कशासाठी?" तो म्हणाला, "माल असतो. आणि जरा वजन पण पडतं."

मी त्याला सांगितलं, बाळा, वजन पडतं हे खरं आहे, पण ते आपल्याच खांद्यावर पडतं. रुबाबासाठी हवं असेल तर नको. नेमबाजीची हौस असेल तर आपल्या कोल्हापूरसारखी जागा नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्य आणलं. ती हौस रेंजवर फेडावी, बाजारात नव्हे. आणि जिवाला खरंच धोका असेल, कुणी धमकावलं असेल, तर जरूर अर्ज कर. कायद्यात त्याची सोय आहे. पण आधी रीतसर प्रशिक्षण घे. आणि बांधण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचार. नळीचं तोंड कुणाकडं आहे? मी ज्याच्यावर ती रोखीन, त्याच्या मागं कोण उभं आहे? आणि हे नसतं, तर आज मी कोणती काळजी घेतली असती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ती काळजी आधी घ्यावी. बऱ्याच वेळा पुढं काही बांधायची गरजच उरत नाही.

पुतण्यानं अजून अर्ज केलेला नाही. तो विचार करतोय. पट्टा मात्र मी त्याला दाखवला. कारागिराचं काम इतकं पक्कं की वीस वर्षांनंतरही एक टाका उसवलेला नाही. माझ्या डाव्या खांद्यावर त्याचा वळ आहे, तोही अजून गेलेला नाही.